मगभर अक्रोडांचं वजन

माझ्या आत्याला कचेरीत सगळे ग्रॅमबाई म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली की ती क्षणभर इकडेतिकडे बघायची.

पाककृतींची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात ती कामाला होती. खाली छपाईची यंत्रं, वर कचेरी, आणि कचेरीच्या टोकाला एक अरुंद स्वयंपाकघर. लेखिका पाककृती पाठवायच्या त्या कपात, वाटीत, मुठीत, नाहीतर ‘अंदाजे’. आत्याने त्या करून बघायच्या आणि प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये बसवून द्यायचा. साखर, मैदा, लोणी यांचं तिला ओझं नव्हतं. तिचा खरा जीव खायचा तो सुका मेवा.

“मैदा कपात मुकाट्याने बसतो गं,” ती माझ्या आईला सांगायची, “पण बदाम-अक्रोड म्हणजे लग्नातले पाहुणे. कोण पाय पसरून बसेल, काही सांगता येत नाही.”

अख्खे बदाम कपभर घेतले तर काटा एकशे चाळीसच्या पुढे जातो. त्याच बदामांचे पातळ काप केले तर कप भरतो, पण वजन नव्वदवर थांबतं. अक्रोडाची अर्धुकं घेतली तर शंभराच्या आसपास, बारीक तुकडे केले की मधल्या फटी भरतात आणि वजन वाढतं. आणि लेखिकेने ‘एक कप अक्रोड, तुकडे करून’ लिहिलंय की ‘अक्रोडाचे तुकडे, एक कप’, यावर आत्या संपादकांशी तासभर भांडू शकायची. मोजून मग चिरायचे, की चिरून मग मोजायचे? संपादक कपाळाला हात लावायचे. “बाई, लोक केक करणार आहेत, औषध नाही.”

तिचा एक नियम होता. वजन होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. एक दाणासुद्धा नाही. घरी आई भाजी चिरताना गाजराचा तुकडा तोंडात टाकायची तेव्हा आत्या असं बघायची, जणू आईने देवघरातला दिवा विझवला.

त्या वर्षी गावोगावच्या जुन्या बेकऱ्यांच्या खास पदार्थांचं पुस्तक निघायचं होतं. त्यात एका बेकरीचा अक्रोडाचा केक होता. तो करणारी बाई, म्हणजे बेकरीवाल्यांची बायको, काही महिन्यांपूर्वी वारली होती. पाककृती तिने जिवंतपणीच सांगून ठेवली होती. सगळं नीट वजनात, फक्त एक ओळ वेगळी: ‘अक्रोड, माझा मग भरून.’

आत्याने नेहमीच्या मगाने तो केक केला. मधोमध खचला आणि तळाशी तेल सुटलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. अक्रोड जास्त होत होते हे दिसत होतं.

“वगळू या,” संपादक म्हणाले.

“तिचा मग लहान असेल,” आत्या म्हणाली. “मी जाऊन बघते.”

बेकरी एका वळणावरच्या रस्त्यावर होती. पुढे दुकान, मागे लांबट स्वयंपाकघर, त्याला एकच खिडकी आणि दुकानात उघडणारं एकच दार. भट्टी सकाळची पेटून निवत आलेली. बेकरीवाले काका गल्ल्यावर बसले होते. दांडगा माणूस, पांढऱ्या मिशा, बोलणं फटकळ. भट्टी आणि गल्ला त्यांचा, मोजणं-कालवणं बायकोचं, अशी त्यांची उभ्या जन्माची वाटणी होती. बायको गेल्यावर तिचं काम सुनेकडे आलं होतं. मुलगा गाडी घेऊन माल पोचवायला बाहेर असायचा.

“मग तोच आहे,” काका म्हणाले, “पण केक तो राहिला नाही. गिऱ्हाईकं दोनदा नेतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत. आणि अक्रोड मात्र पूर्वीपेक्षा जास्त संपतात. कुठे जातात ते विचारा आमच्या सूनबाईंना.”

सून तिथेच उभी होती, ट्रे पुसत. तिने मान वर केली नाही. पण तिचे कान लाल झाले ते आत्याने पाहिलं.

मग पत्र्याचा होता, पांढरा, कडेचा टवका उडालेला. आत्याने त्यात आधी पाणी ओतून बघितलं. तो लहान नव्हता. कचेरीतल्या मगाएवढाच होता, थोडा मोठाच निघाला असता. म्हणजे तिचा तर्क फसला.

“ठीक आहे,” ती सुनेला म्हणाली, “तुम्ही दुकानात बसा. मी एकटी करते. मोजताना कुणी बोललं की माझं चुकतं.”

तिने पिशवीतून स्वतःचा काटा काढला, ओट्यावर सपाट ठेवला. मग अक्रोडांनी काठोकाठ भरला, वरून हात फिरवला, अक्रोड काट्यावरच्या भांड्यात ओतले. एकशे अठ्ठेचाळीस. तिने आकडा मनात घोकला, लोणी काढायला वळली, लोणी घेऊन परत आली. काट्यावर एकशे सत्तावीस होते.

आत्या घाबरली नाही. काटे बिघडतात, ओलाव्याने, वाऱ्याने, ओटा हलल्याने. ती पिशवीत वजनं बाळगायची. शंभराचं ठेवलं, शंभर दाखवलं. पन्नासचं ठेवलं, पन्नास. भांडं रिकामं करून मग पुन्हा भरला. पुन्हा एकशे अठ्ठेचाळीस. या वेळी ती काट्याकडे बघत राहिली. आकडा ढिम्म हलला नाही. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली म्हणून तिने तिकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे किती, तर घंटी कुणाची ते कळेपर्यंत. मान वळवली तेव्हा एकशे सत्तावीस.

आणि तेव्हा तिला जाणवलं की आत्ता इतका वेळ एक आवाज येत होता आणि तो नुकताच थांबलाय. कुरकुर, कुरकुर असा. उंदराचा म्हणावा तर फार जवळचा. तिने ओट्याखाली पाहिलं, पोत्यांमागे पाहिलं. उंदीर नव्हता, लेंडी नव्हती. दार लोटलेलं होतं तसंच होतं. आवाज कुठून येत होता ते तिला सांगता येईना. पुढे कितीतरी वर्षांनी तिने आईला सांगितलं, “वहिनी, तो कानाच्या बाहेरून येतच नव्हता.”

तिने पाणी प्यायला पेला तोंडाला लावला. पाण्याला तुरट चव लागली. जिभेवर काहीतरी चिकटलं होतं. बोटाने काढून पाहिलं तर अक्रोडाची पातळ, तपकिरी साल.

आत्या ओट्याला टेकून उभी राहिली. आयुष्यात वजनाआधी तिने एक दाणा तोंडात टाकला नव्हता. तिने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि दार उघडून सुनेला आत बोलावलं.

“तुमच्या इथे अक्रोड कमी होतात,” ती म्हणाली.

सुनेच्या हातातला फडका खाली पडला. “ताई, तुमचेही झाले?”

“दोन वेळा.”

सून पोत्यावरच बसली आणि रडायला लागली, आवाज न करता, कारण पलीकडे सासरे होते. मग तिने सगळं सांगितलं. सासूबाई गेल्यापासून हे चाललंय. मग भरून भांड्यात ओतायचा, पाठ वळवायची, की मूठभर गायब. तिने आधी नवऱ्यावर संशय घेतला, मग मांजरावर. मग सासऱ्यांनी तिच्यावर घेतला. “ते म्हणतात मी खाते. मी शपथ घेऊन सांगते ताई, मी खात नाही. कमी पडले की मी वरून तेवढे पुन्हा घालते. सासूबाईंनी मगभर सांगितलंय ना, मग मगभर व्हायला नको? म्हणून अक्रोड जास्त संपतात.”

“आणि तोंडाला काही लागतं का?” आत्याने हळूच विचारलं.

सून तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं उष्णतेने जीभ तुरट होते.”

दोघीही यापुढे त्याबद्दल बोलल्या नाहीत. काही गोष्टी उच्चारल्या की घरात राहायला येतात, असं आत्या म्हणायची.

पण एक गोष्ट आत्याच्या डोक्यात चमकली होती. तिने भांड्याकडे बोट दाखवलं. “आज वरून घालू नका. हे एवढेच घाला.”

“पण मगभर...”

“एवढेच.”

केक झाला. खचला नाही. तेल सुटलं नाही. वरचा पापुद्रा सोनेरी, सुरी घातली की आत मऊ. सुनेने एक तुकडा बशीत घालून सासऱ्यांपुढे नेला आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली. काकांनी घास घेतला. चावायचे थांबले. डोळे मिटले.

“हा तिचा,” ते म्हणाले. मग आत्याकडे वळून, “काय बदललंत?”

“काही नाही. अक्रोड मगभरापेक्षा एक मूठ कमी घातले. तुमच्या सूनबाई रोज मगभर घालत होत्या, सांगितलं होतं तसं. तुमच्या पत्नी घालत नव्हत्या.”

“ती मगभरच घालायची. माझ्यासमोर मग भरायची.”

“भरायच्या मगभर. घालायच्या कमी.”

“मग मधली मूठ जायची कुठे?”

काकांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. “तुम्हाला म्हणायचंय ती खायची? बाई, आमच्या घरात अक्रोडाला कुणी हात लावलेला नाही. माझ्या वडिलांपासूनची शिस्त आहे. सुका मेवा गिऱ्हाइकाचा. घरच्यांनी केकच्या कापलेल्या कडा खाव्यात, उरलेलं खावं. तिने मला कधी मागितला नाही, मी कधी दिला नाही. चोरून खाणारी बाई नव्हती ती.” आणि मग सुनेकडे बघून, “चोरून खाणारे आता आलेत.”

सुनेने ओठ चावला. तेव्हा आत्याला राग आला. ती सहसा रागवायची नाही. रागाने हात थरथरतो आणि माप चुकतं.

“काका,” ती म्हणाली, “या आत. तुम्ही मोजा. आम्ही दोघी दारात उभ्या राहतो, दोघींचे हात तुम्हाला दिसतील असे. बघू कमी होतात का.”

“बघूच,” काका म्हणाले आणि बाह्या सरसावून आत आले.

आत्या आणि सून दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या, हात पुढे बांधून. भरदुपार होती. खिडकीतून ओट्यावर ऊन पडलं होतं. काकांनी अवघडल्या हाताने मग भरला. ते काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं, चार अक्रोड खाली सांडले. भांड्यात ओतले. आकडा वाचला, मोठ्याने: “एकशे अठ्ठेचाळीस.”

“आता लोणी काढा,” आत्या म्हणाली.

काका वळले. पण ते लोण्याकडे गेले नाहीत. ते खिडकीकडे वळले आणि त्यांनी दाराकडे पाठ केली. तो दांडगा माणूस खांदे आवळून, कोपर अंगाशी चिकटवून उभा राहिला, बारक्या चणीची बाई उभी राहते तसा. डावा हात ओट्यावर, जणू नुसता टेकलाय असा. उजवा हात न बघता मागे भांड्यात गेला. मूठ वळली. आत्या म्हणायची, मूठ एवढी लहान वळली की तेवढ्या मोठ्या पंजाची ती असूच शकत नव्हती. हात तोंडाशी गेला. मग तो आवाज सुरू झाला. कुरकुर, कुरकुर. सावकाश, घाईने नाही, पण मधूनच थांबत, कुणी येतंय का याचा कानोसा घेत.

सुनेने आत्याचं मनगट धरलं. नखं रुतली.

“सासूबाई,” ती इतक्या हळू म्हणाली की आत्याला ते फक्त तिच्या ओठांवरून कळलं. “अश्शाच उभ्या राहायच्या. मला वाटायचं रस्ता बघतात.”

आवाज थांबला. काकांनी हाताच्या पाठीने ओठ पुसले, हात पाठीमागे झटकला आणि लोण्याचा डबा उचलून ओट्याशी आले. खांदे पुन्हा रुंद झाले होते.

“एकशे सत्तावीस!” ते ओरडले. “हे काय? तुम्ही तर दारातच होतात.” मग त्यांनी दोघींचे चेहरे पाहिले. “असं काय बघताय माझ्याकडे?”

काकांच्या पांढऱ्या मिशीत अक्रोडाचे कण अडकले होते. आत्याने फक्त स्वतःच्या ओठावर बोट ठेवून दाखवलं. काकांनी मिशीवरून हात फिरवला, बोटांकडे पाहिलं. मग जीभ दातांवरून फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

ते स्टुलावर बसले. खिडकीकडे बघत म्हणाले, “मी दारात यायचो तेव्हा ती नेहमी खिडकीकडे तोंड करून असायची. मी विचारायचो, काय बघतेस गं? म्हणायची, काही नाही.” त्यांनी पुन्हा मिशीवरून हात फिरवला. “उत्तर द्यायला तिला नेहमी जरा वेळ लागायचा. मला वाटायचं, हिचं माझ्याकडे लक्षच नसतं.”

आत्या पिशवी भरून निघाली. काट्याला फडकं गुंडाळायचंही तिने सोडून दिलं.

पुढचं सुनेने तिला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांनी बशीभर अक्रोड, चांगले निवडक, अख्खी अर्धुकं, खिडकीखाली ओट्यावर ठेवले आणि सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत बशीतला एक दाणा हलला नाही. त्यांनी त्या बशीला हात जोडले, काहीबाही पुटपुटले. दाणा हलला नाही. पण त्यानंतर मग भरून भांड्यात ओतला आणि पाठ वळवली, तर एक मूठ गेलीच.

“दिलेलं नको त्यांना,” सून म्हणाली. बोलतानाही तिच्या अंगावर काटा आला असावा, कारण फोन तिने लगेच ठेवला.

काकांनी सुनेची माफी मागितली का, हे आत्याने विचारलं होतं. शब्दात नाही, असं कळलं. पण मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. रोज दुपारी भट्टी निवली की ते आत जायचे, दार लोटायचे. बाहेर आवाज यायचा. मग बाहेर येऊन ते तोंड न धुता गल्ल्यावर बसायचे, आणि कितीतरी वेळ गिऱ्हाइकाशी बोलायचे नाहीत. सुनेला आणि मुलाला त्यांनी घरात मेव्याचा डबा उघडा करून दिला. सून त्यातलं काही खायची नाही. भूकच मेली होती म्हणे.

पुस्तक निघालं. केकच्या पानावर आत्याने एकशे सत्तावीस ग्रॅम लिहिलं. संपादकांनी भुवया वर केल्या. “पण बाई, मूळ मगाचं वजन एकशे अठ्ठेचाळीस भरतंय म्हणता. मग वरचे एकवीस?”

“ते मोजणाऱ्याचे,” आत्या म्हणाली.

संपादक खळखळून हसले. ग्रॅमबाईंनी जन्मात पहिल्यांदा विनोद केला, असं त्यांनी अख्ख्या कचेरीत सांगितलं.

काही वर्षांनी काका गेले. झोपेतच गेले. पंधरवड्याने सुनेचा फोन आला. मी तेव्हा आत्याजवळच बसले होते. आत्याने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

“ताई, आज मी मोजलं. मुद्दाम पाठ वळवली. पुन्हा वळवली. काहीच कमी होत नाही.”

“तोंड?”

“कोरडं.”

“बरं झालं की मग.”

“हो, बरंच झालं,” सून म्हणाली. पण घर फार रिकामं वाटतंय, असंही म्हणाली. तिची सासू तिच्याशी कधी फारशी बोलली नव्हती. एकाच ओट्यावर दोघी काम करायच्या, आणि त्या बाईला भूक लागते हे तिला ती मेल्यावर कळलं होतं.

बेकरी सुनेने चालू ठेवली. नवा काटा घेतला, सासूचा तो मग मोडीत दिला, नवरा-बायको आता दोघं मिळून आत काम करतात. केकला पुन्हा गिऱ्हाईक लागलं.

आत्याने नोकरी सोडली नाही. डोळ्यांना दिसेनासं होईपर्यंत ती ते काम करत राहिली; तिची वजनं आजही त्या पुस्तकांत आहेत आणि लोक त्यावर डोळे मिटून विसंबतात. फक्त एक सवय तिला लागली. बदाम, काजू, अक्रोड, काहीही मेवा मोजायचा असला की तो ती घरी घेऊन यायची आणि आईला समोर बसवायची. आई स्वेटर विणत बसायची.

“सुयांकडे नको बघूस वहिनी,” आत्या म्हणायची. “माझ्या हाताकडे बघ.”

आई बघायची. कधी आई नसली तर मी बघायचे. आत्या मग भरायची, ओतायची, आकडा सांगायची, वळायची, परत यायची. तिचा हात कधी भांड्यात गेला नाही. मग ती माझ्यापुढे वाकायची, लहान मूल डॉक्टरांपुढे उघडतं तसं तोंड उघडायची, आणि मी आत नीट बघून ‘काही नाही’ म्हणेपर्यंत मिटायची नाही.